मोरदन साहेबाचा बिल्ला

करंजवाड्यात भवानीची दोन रूपं आहेत. एक देवळातलं, शेंदूर थापून थापून नाकडोळे बुजलेलं. दुसरं पंडित भगताच्या देव्हाऱ्यातल्या चांदीच्या बिल्ल्यावरचं. बिल्ला जुन्या रुपयाहून जरा मोठा. एका बाजूला राणीचं तोंड, दुसऱ्या बाजूला एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात हार घेऊन उभी असलेली बाई, आणि तिच्या मागे सिंह. सिंह दिसल्यावर गावाला आणखी कुठला पुरावा हवा होता? ती भवानीच. विलायतेच्या टांकसाळीत भवानी कशी उमटली, हा प्रश्न दीडशे वर्षांत एकाही शहाण्याला पडला नाही.

गावात गोष्ट अशी सांगतात. मोरदन साहेब नावाचा गोरा कप्तान देवीच्या बारागाड्या बंद पाडायला आला. वाटेत घोडा आडवा घालून उभा राहिला. पंडितच्या खापरपणज्यानं, चिंधा भगतानं, बारा गाड्या ओढत आणल्या आणि घोड्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबवल्या. साहेब खाली उतरला आणि छातीवरचा बिल्ला काढून त्यानं चिंधाच्या गळ्यात घातला. तेव्हापासून ज्याच्या गळ्यात बिल्ला, तो बारागाड्यांचा भगत. सांगता सांगता वीतभराचं आता बोटभर झालं आहे.

बारागाड्या म्हणजे बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत माणसं कोंबायची, आणि एकट्या भगतानं कमरेला दोर बांधून पहिल्या गाडीचं जू ओढत वेशीपासून देवळापर्यंत पळायचं. वाट उताराची आहे. त्यामुळे ओढणं पहिल्या वीस पावलांचं, पुढे गाड्याच भगताच्या मागे लागतात. त्याच्या दोन्ही बाजूंना जे धावतात त्यांना बगले म्हणतात. देवळापाशी आल्यावर डाव्या बगल्यानं भगताला बाजूला खेचायचं आणि उजव्यानं चाकाखाली लाकडी ठोकळा टाकायचा. उजवा बगला पिढ्यान्‌पिढ्या भिलाटीतला. जिवावरचं काम भिलांच्या वस्तीकडे द्यायचं, यात गावाला काही वावगं वाटत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्री पुनवेला पंडितचा बाप प्रेमराज भगत देवळापासून तीस पावलांवर पडला. पहिल्या गाडीचं चाक पोटावरून गेलं, दुसरीचं छातीवरून, आणि तिसरी गाडी जाईपर्यंत ओळख पटावी असं काही राहिलं नाही. उजवा बगला नथ्थू भील त्याच्या मागोमाग गाड्यांखाली घुसला होता. त्याची तीन बोटं तिथंच राहिली. गावानं नथ्थूला बाहेर ओढलं ते मारायलाच. यानं ठोकळा टाकला नाही, यानंच भगताला ढकललं, असं कुणीतरी म्हणालं आणि तेवढं पुरे झालं. जुवांच्या लाकडी खुंट्या, शिवळा, उपसून मारलं, दगडांनी मारलं. सोळा वर्षांचा पंडित त्या घोळक्यात होता. त्याच्या हातात गाडीची लोखंडी खीळ आली. ती त्यानं नथ्थूच्या डाव्या डोळ्यात घातली आणि फिरवली.

गर्दीत कुणाचा हात कुणाला दिसला नाही. नथ्थूचा डोळा गावानं फोडला असं सगळे म्हणत आले आणि पंडितनं कधी कुणाची चूक सुधारली नाही. नथ्थू पुढे अकरा वर्षं एका डोळ्यानं जगला. त्याच्या जागी त्याचा भाऊ धावला, मग मुलगा चैत्राम. पंडितनं स्वतः चाळीस वर्षं गाड्या ओढल्या, चाळीसही वर्षं भिलाटीतला माणूस त्याच्या उजव्या हाताला होता, आणि चाळीसही वर्षं पंडितनं त्या बाजूला मान वळवली नाही. देवीचं काम करताना इकडेतिकडे बघू नये, असं तो लोकांना सांगायचा.

आता तो बासष्ट वर्षांचा झाला होता आणि गुडघे संपले होते. यंदाच्या पुनवेला बिल्ला त्याच्या मुलाच्या, दीपकच्या गळ्यात जायचा होता. दीपकला पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं. बिल्ला घातलेल्या छातीचे त्याचे फ्लेक्स अमळनेरच्या नाक्यापर्यंत लागले होते.

पुनवेच्या चार दिवस आधी पुनम आली. पुनम पंडितच्या धाकट्या भावाची मुलगी, धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. दिवाळीत तिनं बिल्ल्याच्या काठावर कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरं मोबाइलवर टिपून नेली होती. ते साहेबाचं नाव निघालं. तिनं विलायतेतल्या एका ग्रंथालयाला पत्र लिहिलं आणि तिथून साहेबाची सगळी नोकरी, त्यानं बहिणीला लिहिलेल्या पत्रांसकट, कागदावर आली. पंडित खूश झाला. दीपकच्या फ्लेक्ससाठी आणखी काही मिळेल असं त्याला वाटलं. ओट्यावर बसून त्यानं पुनमला वाचून दाखव म्हटलं.

कप्तान ॲल्फ्रेड मॉर्डंट सतराव्या वर्षी मुंबईच्या पायदळात आला. एकोणिसाव्या वर्षी मुलतानच्या वेढ्यात त्यानं पहिला माणूस संगिनीनं मारला आणि बहिणीला लिहिलं की आपल्याला वाटलं होतं त्याहून ते फार सोपं निघालं. पुढे इराणच्या किनाऱ्यावर लढला, तिथं गोळीनं कान गेला. सत्तावन्नचं बंड झालं तेव्हा त्याला सातपुड्यात धाडलं. डोंगरातले भील सरकारी टपाल लुटत होते, ठाणी जाळत होते, आणि पलटण वर चढली की रानात नाहीसे होत होते. साहेब तीन महिने दगडांवर गोळ्या झाडत फिरला. मग त्याला एक गाडीवान भेटला. हा गाडीवान दरवर्षी मीठ आणि गूळ घेऊन डोंगरात जायचा. भील फक्त त्याच्यासाठी खाली उतरायचे, कारण बाकी कुठून त्यांना मीठ मिळत नव्हतं.

गाडीवानानं बारा गाड्या भरल्या. वर मिठाच्या गोण्या, कडबा, आणि कडब्याखाली चार-चार शिपाई. नाल्याच्या तोंडाशी त्यानं नेहमीसारखी हाळी दिली. बायका, पोरं, म्हातारे, सगळे टोपल्या घेऊन उतरले. पहिल्या गोण्या सोडल्या गेल्या तशा कडब्यातून बंदुका निघाल्या. जे पळाले त्यांना घोडेस्वारांनी नाल्यात गाठून कापलं. जे सापडले ते सत्तावन्न पुरुष आंब्याच्या झाडांना बांधून दहा-दहाच्या रांगांनी उडवले. काडतुसं जपायची म्हणून शेवटच्या सातांना तलवारीनं मारलं. आकडे साहेबानं स्वतः लिहिले होते. पाण्याला मिठाची आणि रक्ताची चव येत होती म्हणून त्या दिवशी घोड्यांनी नाल्याचं पाणी प्यायलं नाही, हेही त्यानं बहिणीला कळवलं होतं.

या कामगिरीचं पदक त्याला दोन वर्षांनी मिळालं. गाडीवानाला जमीन कबूल केली होती, ती वरच्या साहेबांनी नाकारली. तो रोज तंबूपाशी येऊन बसू लागला तेव्हा वैतागून मॉर्डंटनं आपलं पदक काढून त्याच्या अंगावर फेकलं. स्वतःसाठी दुसरं करून घेतलं. पुढे तो कर्नल झाला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी समुद्रकाठच्या गावी आपल्या पलंगावर मेला. गाडीवानाचं नाव पत्रात तीनदा आलं होतं. करंजवाड्याचा चिंधा.

पंडितचा हात उठला तो त्यालाही कळला नाही. चपराक पुनमच्या चष्म्यावर बसली, काच फुटून भुवईत घुसली आणि कागदांवर रक्ताचे थेंब पडले. पुनम रडली नाही. ओढणीनं भुवई दाबून धरून ती म्हणाली, "मारा काका. मी ते कागद बदलू शकत नाही." कागद तिथंच ठेवून ती धुळ्याच्या बसनं परत गेली.

दोन दिवस पंडित घरात बसून, खोटं आहे, असं स्वतःला बजावत राहिला. पण गोरा साहेब बहिणीला खोटं कशाला लिहील? आणि तेही करंजवाड्याचं नाव घालून? तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिलाटीत गेला. चैत्राम ओट्यावर भाकरी खात होता. पंडितनं त्याला विचारलं, चिंधा भगताचं तुमच्यात काय सांगतात?

चैत्रामनं घास खाली ठेवला. भिलाटीला सगळं माहीत होतं. गावाच्या जत्रेच्या दिवशी भिलाटीत कुणी मीठ खात नाही, ते नाल्यात मारलेल्या त्याच माणसांसाठी. पंडितनं लहानपणी एकदा ती अळणी भाकरी खाल्ली होती आणि या लोकांकडे मिठालाही पैसे नाहीत असं समजून घरी आईला सांगितलं होतं. तो खाली बसला. मग चैत्राम म्हणाला ते असं.

"नाना, तुमना आबा प्रेमराज भगतबी आठेच उना व्हता, आदला दिन. हाईच इचारं त्यानी. होळीना गाणामा चिंधानं नाव आयकेल व्हतं. मना बानी बठ्ठं सांगं. दुसरा दिन तुमना आबानी सोताहून दोर सोडा नि आडवा पडना. मना बा त्याले काढाले घुसना."

प्रेमराज भगत देवीनं नेला, असं तो सेहेचाळीस वर्षं सांगत आला होता. आणि मनातून, नथ्थूनं मारला, असं धरून आला होता. त्याच्याच आधारावर त्याला झोप लागत होती. आता तोही गेला. ती खीळ आपल्या हातात होती, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण मागितलं ते पाणी.

चैत्राम पुढे म्हणाला, "तुमले समजनं का तुमी पडतस, नि मार आमले बसस. औंदा आमी येवाव नही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कामाची गोष्ट सांगावी तसं त्यानं सांगितलं. उठताना त्यानं एवढं बजावलं की वाट आता सिमेंटची झाली आहे, तिच्यावर नुसतं लाकूड थांबत नाही. गेली दोन वर्षं तो आधी ओलं गोणपाट टाकायचा आणि मग ठोकळा. जो कुणी धावेल त्याला हे सांगून ठेवा.

पुनवेच्या दिवशी सकाळी पंडितनं दीपकला सगळं सांगितलं. बिल्ला घालू नको, गाड्या ओढू नको, भिलाटीची माणसं नाहीत तर गाड्या थांबणार नाहीत. नथ्थूच्या डोळ्याचं मात्र त्यानं तेव्हाही गाळलं. दीपक आधी हसला. मग म्हणाला की पाच गावांची माणसं आली आहेत, आमदाराचा माणूस आला आहे, आणि ठोकळा टाकायला काय इंजिनिअर लागतो का? पंडित देव्हाऱ्यासमोर आडवा झाला. दीपकनं त्याला खांद्याला धरून उचललं, पंडितनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला. मग दीपकचं कोपर बापाच्या तोंडावर बसलं. दोन दात तुटून जिभेवर आले. दीपकच्या आईनं, कोकिळाबाईनं, मध्ये पडून दोघांना शिव्या घातल्या, तोवर दीपक बिल्ला घेऊन बाहेर पडला होता. गोणपाटाचं पंडितनं मागून ओरडून सांगितलं, पण तोंडात रक्त होतं आणि बाहेर डफ वाजत होते.

सूर्य कलायला गाड्या जुंपल्या. डाव्या बाजूला पंडितचा चुलतभाऊ रुपचंद होता, उजव्या बाजूला दीपकचा अमळनेरचा एक पैलवान दोस्त, अंगानं भरलेला आणि उत्साहाचा. पंडित वेशीकडे गेला नाही. तो भिजवलेलं गोणपाट आणि जुना ठोकळा घेऊन देवळापाशी उभा राहिला. जवळ उभ्या असलेल्यांना वाटलं, म्हाताऱ्याला सवय सुटत नाही.

गाड्या आल्या. दरवर्षी जशा येतात त्यापेक्षा फार जोरात आल्या. दीपक ओढत नव्हता, पुढे फेकला जात होता. त्याच्या छातीवर बिल्ला उड्या मारत होता. पैलवानानं ठोकळा नेमका टाकला, बळानं टाकला, आणि सिमेंटवर तो ठोकळा साबणाच्या वडीसारखा सरकत गर्दीत घुसला. एका बाईची नडगी मोडली. रुपचंदनं दीपकला खेचायला हात घातला तर जुवाचं टोक त्याच्या गळ्याखाली बसलं आणि हाड कडकन तुटलं. दीपक गुडघ्यांवर आला. कमरेचा दोर सुटेना. लाकडी चाकाची लोखंडी धाव त्याच्या पायांपासून हातभर होती.

पंडितनं गोणपाट टाकलं, त्यावर ठोकळा टाकला. ठोकळा धरला, क्षणभर चाक अडलं, मग मागच्या अकरा गाड्यांचा आणि दोनशे माणसांचा रेटा आला आणि ठोकळा उलटा होऊ लागला. त्याला टेकू देण्यासारखं जवळ काही नव्हतं. पंडितनं ठोकळ्यामागे आपली मांडी घातली.

हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. चाक ठोकळ्यासकट मांडीवर चढलं, गाडी तिरकी झाली आणि देवळाच्या ओट्यावर आदळली. मागच्या गाड्या एकमेकींत घुसल्या. माणसं फेकली गेली, कुणाचे दात गेले, कुणाचे हात, एक म्हातारा गाडीच्या साट्याखाली सापडून जागच्या जागी संपला. धुळीत फक्त किंकाळ्या होत्या. दीपक चाकापुढे दोन हातांवर पालथा पडला होता आणि जिवंत होता.

किंकाळ्या ओसरायच्या आत कारण सापडलं. भिलाटी आली नाही. देवीच्या कामाला नाही म्हणाले, ठोकळ्याला काहीतरी लावून ठेवलं असणार, मागेही त्यांनीच प्रेमराज भगताला मारलं होतं. रुपचंद मोडलं हाड एका हातानं धरून हे ओरडत होता. बघता बघता शिवळा उपसल्या गेल्या, दगड उचलले गेले, आणि शे-दीडशे माणसं भिलाटीकडे वळली.

दीपक दोर सोडवून सरपटत बापापाशी आला होता. चाक उचलायला हाका मारत होता. पंडितनं त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. "दीपक, मना बाप सोताहून पडना व्हता. नथ्थूनी काहीच करेल नव्हतं. त्याना डोया मी फोडा. मी. तू तठे जाय." दीपकनं बापाच्या मांडीकडे पाहिलं, चाकाखालून हाड बाहेर आलं होतं. सकाळी त्याला सगळं खोटं वाटलं होतं. आता तो काही न विचारता उठला आणि लंगडत पळाला.

चौघांनी चाक उचललं. पंडितला पिकअपमध्ये घातलं, खाली कडबा अंथरला. अमळनेरची वाट भिलाटीवरूनच जाते. गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती म्हणून पिकअप थांबली, आणि पंडितनं मान उचलून पाहिलं. एक झोपडी पेटली होती. दोन भील पोरं रस्त्यात पडली होती, एकाच्या कानातून रक्त येत होतं. गल्ली अडवून दीपक उभा होता. त्याचं कपाळ फुटून रक्त डोळ्यांवर आलं होतं आणि डावा हात लोंबत होता. पहिले घाव पडले तेव्हा तो कोण हे कुणी पाहिलं नव्हतं. मग गळ्यातला बिल्ला दिसला. देवीचा बिल्ला घातलेल्या भगतावर हात कसा टाकायचा? काठ्या उचललेल्या तशाच राहिल्या. दीपक रक्ताळल्या तोंडानं त्यांना आजोबाचं सांगत होता, चिंधाचं सांगत होता, आणि नथ्थूच्या डोळ्याचंही सांगत होता. मागच्या मागे माणसं गळू लागली होती.

गर्दीतून चैत्राम पिकअपपाशी आला. त्याच्या खांद्यावर दगड लागलेला होता. त्यानं मांडी पाहिली, डोक्याचा फेटा सोडला आणि जांघेपाशी आवळून बांधायला लागला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पंडितनं त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"चैत्राम," तो म्हणाला, "तुना बापना डोया मी फोडा."

"माहीत शे, नाना. बानी देखेल व्हतं." चैत्राम गाठ मारत राहिला. "मनी माय भुरीबाईले बानी सांगेल व्हतं का तो पोऱ्या एक दिन येई नि सांगी. तिनी पंचेचाळीस वरीस तुमनी वाट देखी. मांगला पोळाले ती गयी."

चैत्रामनं फेट्याचं टोक दातांत धरून गाठ आणखी आवळली आणि ड्रायव्हरला, वाट मोकळी आहे, निघ म्हणून सांगितलं.